दादीला वेळ कोण सांगणार?

‘थ्री ऑफ अस’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाइलवरच पाहिला असेल. अविनाश अरुणचा चित्रपट, शेफाली शाहची शैलजा. तिला डिमेन्शियाची सुरुवात झालेली आहे. सगळं पुसलं जाण्याआधी एकदा लहानपणीचं गाव बघून यावं म्हणून ती नवऱ्याला घेऊन मुंबईहून वेंगुर्ल्याला जाते. शाळा, जुनं घर, समुद्र, आणि जयदीप अहलावतने केलेला प्रदीप कामत. चित्रपट देखणा आहे, संयत आहे, आणि मला तो आवडतो. पण तो कुठे थांबतो ते बघा. शैलजा अजून वाक्य पूर्ण करू शकते, अजून लाजते, अजून माफी मागते. तिचा आजार अजून सभ्य आहे. घराची खरी कसोटी ज्या वर्षांत लागते, ती वर्षं चित्रपट संपल्यावर सुरू होतात.

ती वर्षं कशी असतात? आपण वाडी घेऊ, कारण मी इथलीच उदाहरणं चांगली जाणते. नागपुरातून अमरावती रोडने निघालं की वाडी लागते. एका अंगाला आयुध निर्माणी अंबाझरीचा परिसर, दुसरीकडे ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं, रात्रभर ट्रकांचे हॉर्न. समजा, इथल्या दोन खोल्यांच्या घरात एक निवृत्त कामगार आहेत. रात्री अडीच वाजता ते उठतात, पँट चढवतात आणि ड्युटीवर जायचं म्हणून दार बडवायला लागतात. सून कडी लावते, तर तिला चोर म्हणतात. मुलगा हात धरतो, तर त्याला मारतात. शेजारी लाइट लावतात. सकाळी सगळे एकमेकांची नजर चुकवतात. आठवडाभर हेच चाललं की कोणीतरी सांगतं, “बाबा काहीही करून राहिले, झोपेची गोळी देऊन टाका नं.” गोळी येते. बाबा झोपतात, दिवसाही झोपतात, बाथरूममध्ये पडतात.

हे प्रसंग समजा म्हणून सांगितले, पण डिमेन्शिया झालेल्या माणसाच्या घरात वावरलेल्या कुणालाही ते नवे वाटणार नाहीत. डॉक्टर याला अ‍ॅजिटेशन म्हणतात. 2015 साली एका आंतरराष्ट्रीय गटाने त्याची व्याख्या ठरवली. त्यात तीन गोष्टी आहेत: शरीराची अति हालचाल (येरझाऱ्या, तेच तेच करत राहणं), शब्दांचा हल्ला आणि अंगावर जाणं. विसरणं त्यात नाही. विसरण्याशी घरं जुळवून घेतात. नाव विसरलं तर आपण पुन्हा सांगतो, चष्मा हरवला तर शोधतो. घर मोडतं ते या तगमगीने.

माझी तक्रार इथून सुरू होते. आपल्या कलेने डिमेन्शियातलं विसरणं उचललं आणि तगमग सोडून दिली. ज्या दुःखाला गोष्टीत जागा नाही, त्याच्यासाठी दवाखान्यात काय मागायचं हे घरच्यांना सुचत नाही. ते ‘बाबा विसरतात’ एवढंच सांगतात, कारण तेवढंच सांगण्याजोगं आहे असं त्यांना वाटतं. मारतात, कपडे काढतात, शिव्या देतात हे सांगायला लाज वाटते. डॉक्टरही मग विसरण्याची गोळी लिहितो.

मराठीत या गोष्टीसाठी शब्द नाहीत असं नाही. आहेत ते सगळे नालस्ती करणारे आहेत. साठी बुद्धी नाठी. म्हातारचळ. भ्रमिष्ट. आमच्याकडे बुढीला चळ लागला म्हणतात. पुस्तकी भाषेत गेलं की एकदम ‘स्मृतिभ्रंश’ येतो, म्हणजे पुन्हा स्मृतीच मध्यभागी. या दोन टोकांच्या मध्ये, शिवी नाही आणि संस्कृतही नाही असा, डॉक्टरसमोर उच्चारता येईल असा एक साधा शब्द हवा होता. मी ‘तगमग’ वापरते. तुम्हाला दुसरा सुचला तर तो वापरा.

आता ‘अस्तु’. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट मराठीत या विषयावरचा सर्वात गंभीर प्रयत्न आहे, आणि त्याच्यावर बोलताना जपून बोलायला हवं. 61व्या राष्ट्रीय पुरस्कारांत अमृता सुभाषला सहायक अभिनेत्रीचा आणि सुमित्रा भाव्यांना संवादांचा पुरस्कार मिळाला. डॉ. चक्रपाणी शास्त्रींची भूमिका करणारे मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ, त्यामुळे त्यांच्या नजरेत, चालण्यात, मध्येच हरवण्यात एकही खोटी जागा नाही. शास्त्री संस्कृतचे निवृत्त पंडित. बाजारात हत्ती दिसतो आणि ते गाडीतून उतरून त्याच्या मागे चालू लागतात. इकडे मुलगी इरा त्यांना शोधत वणवण करते, तिकडे माहुताची बायको चन्नम्मा या अनोळखी म्हाताऱ्याला लेकरासारखं सांभाळते.

चन्नम्मा अविस्मरणीय आहे. पण ती काय सिद्ध करते? शिकलेल्या घराला जे जमत नाही ते एका गरीब बाईला प्रेमाने जमतं, असं. पाहताना डोळे भरून येतात. घरी परतल्यावर मात्र हाच विचार इरासारख्या बाईच्या मानेवर बसतो. तुझं प्रेम कमी पडलं, म्हणून बाबा चिडतात! चन्नम्माकडे शास्त्री थोडा वेळ आहेत; इराकडे ते वर्षानुवर्षं आहेत. पाहुण्याला जेवायला घालणं आणि रोज रात्री दार अडवून उभं राहणं, ही तुलनाच होऊ शकत नाही. इराची ओढाताण चित्रपटात आहे, प्रामाणिकपणे आहे. पण शीर्षकापासून पुढे चित्रपटाचा कल स्वीकाराकडे आहे. जे आहे ते असो. तत्त्वज्ञान म्हणून ते मोठं असेल. ज्या त्रासावर उपाय करता येतो, त्याच्या बाबतीत ‘असो’ म्हणायची घाई मला परवडत नाही.

आणखी एक गोष्ट खटकते, ती एकट्या ‘अस्तु’ची नाही. या सगळ्या कथांत विसरणारा माणूस कोण असतो? संस्कृतचा पंडित. ‘मैंने गांधी को नहीं मारा’मध्ये हिंदीचे प्राध्यापक. इंग्रजीत ‘आयरिस’मध्ये कादंबरीकार आयरिस मर्डॉक. ‘नटसम्राट’मधल्या आप्पा बेलवलकरांना हा आजार आहे असं कोणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण 1970 पासून मराठी प्रेक्षक एका म्हाताऱ्याचं बरळणं डोक्यावर घेतो, कारण ते बरळणं उत्तम मराठीत आहे. ज्ञानाचा, भाषेचा मोठा साठा असला की त्याचं वाहून जाणं शोकांतिका ठरतं. लेथ मशीनवर तीस वर्षं काढलेल्या किंवा ट्रक चालवलेल्या माणसाचं काय वाहून जातं? त्याची तगमग मात्र शास्त्रींइतकीच असते, कदाचित जास्त, कारण घर लहान आणि भिंती पातळ.

भारतातले आकडे तर उलटंच सांगतात. लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. त्यांनुसार साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. थोडक्यात, आपल्याकडच्या या आजाराचा खरा चेहरा पंडिताचा नाही. तो खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईचा आहे.

आणि ती बाई मराठी साहित्यात आहे! गेली चाळीस वर्षं आहे. आपण तिच्याकडे नीट पाहिलं नाही, एवढंच.

महेश एलकुंचवार आमच्या नागपूरचे, मूळचे यवतमाळ जिल्ह्यातले. त्यांचं ‘वाडा चिरेबंदी’ 1985 मध्ये विजया मेहतांनी रंगमंचावर आणलं. धरणगावचे देशपांडे, गेलेलं वैभव, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, तात्याजींचा मृत्यू, दागिन्यांची वाटणी. समीक्षकांनी सरंजामी व्यवस्थेची पडझड, शहर आणि गाव, बाईचं शिक्षण यांवर भरपूर लिहिलं, आणि ते बरोबरच आहे. पण त्या घरात एक दादी आहे. तात्याजींची आई. मुलगा गेला हे तिला उमगलेलं नाही. ती त्याला हाक मारते आणि किती वाजले ते विचारते. उत्तर मिळालं तरी थोड्या वेळाने पुन्हा विचारते. पुन्हा पुन्हा.

बहुतेक वेळा तिच्या या प्रश्नाचा अर्थ प्रतीक म्हणून लावला जातो: वाड्यातला काळ थांबला आहे, वगैरे. वर्गात शिकवायला सोपं जातं. मला वाटतं, प्रतीक म्हणून वाचताना आपण दादीवर अन्याय करतो. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारी, मेलेल्या मुलाला हाका मारणारी ऐंशीपुढची बाई ही आधी एक बाई आहे. नाटककाराने निदान दिलेलं नाही आणि निदान करणं हे समीक्षेचं कामही नाही. पण दिसतं त्याला नाव न देणं हेही समीक्षेचं काम नाही.

फ्लोरिआन झेलेरचं ‘द फादर’ आठवून पाहा. नाटक 2012 चं, चित्रपट 2020 चा, अँथनी हॉपकिन्सला त्यासाठी ऑस्कर. त्यातला म्हाताराही वेळेच्या मागे लागलेला आहे. त्याचं मनगटी घड्याळ सापडत नाही आणि सांभाळणाऱ्या बाईने ते चोरलं याची त्याला खात्री आहे. झेलेरने एक अचाट गोष्ट केली. त्याने प्रेक्षकालाच त्या डोक्यात नेऊन बसवलं. खोल्या बदलतात, चेहरे बदलतात, आणि मग तो चिडतो तेव्हा आपल्याला कळतं की इतक्या भीतीत आपणही चिडलो असतो. तगमग हा स्वभावदोष नाही, ती भीतीची भाषा आहे, हे त्या चित्रपटाइतकं स्पष्ट कोणी दाखवलेलं नाही. तिथेही सुंदर फ्लॅट आहे, मुलगी आहे, पैसे देऊन ठेवलेली मदतनीस आहे, आणि शेवटी नर्सिंग होम आहे. देशपांड्यांच्या वाड्यात यातलं काय आहे?

वाड्यात चंदू आहे. धाकटा, बेकार, पडेल ते काम करणारा. मला नाटक वाचताना नेहमी त्याची काळजी वाटते. एलकुंचवारांनी त्याला मोठी भाषणं दिलेली नाहीत. तो उचलतो, आणतो, नेतो. घराची सेवाव्यवस्था म्हणजे चंदू; पगार नाही, रजा नाही, प्रशिक्षण नाही. वाडीतल्या त्या दोन खोल्यांत चंदूची जागा बहुधा सुनेची असते. ‘अस्तु’ने आपल्याला चन्नम्मा दिली आणि आपण तिच्यावर फिदा झालो. चंदू आपल्याकडे आधीपासून होता. त्याला काय हवं, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

तर त्याला काय हवं? इथे मी नाटकाच्या बाहेर पडते, कारण उत्तर बाहेर आहे.

पहिलं, कोणीतरी येऊन बघायला हवं की म्हातारीला कुठे दुखतंय का. हे मी भावनेने म्हणत नाही. नॉर्वेत 18 नर्सिंग होममधल्या 352 जणांवर एक चाचणी झाली, 2011 मध्ये ‘बीएमजे’त छापून आली. डिमेन्शिया आणि तगमग असलेल्यांपैकी एका गटाला पायरीपायरीने वेदनेवरचे उपचार दिले. त्यातल्या बहुतेकांना साधी पॅरासिटामॉल. आठ आठवड्यांत त्यांची तगमग 17 टक्क्यांनी कमी झाली. गुडघा ठणकतो, दात दुखतो, पोट साफ नाही, लघवीत संसर्ग आहे, कानाचं यंत्र बंद पडलंय, आणि हे सांगायला शब्द उरले नाहीत. मग माणूस ओरडतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तहान लागली हे न कळणारा म्हातारा दुपारी भ्रमात गेला, तर त्याला चळ लागला म्हणण्याआधी पाणी द्यायला हवं.

दुसरं, औषध लागलंच तर ते नीट. मनोविकारांवरची जी औषधं या कामी वापरली जातात, त्यांच्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच सर्वात कडक इशारा दिला: डिमेन्शिया असलेल्या वृद्धांत त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो. ब्रिटनमध्ये 2009 च्या सरकारी अहवालाने हिशेब मांडला. डिमेन्शियाचे सुमारे 1,80,000 रुग्ण या औषधांवर, त्यांतल्या जेमतेम 36,000 जणांना काही फायदा, आणि वर्षाला सुमारे 1,800 जादा मृत्यू. तिथे रिस्पेरिडोनला परवानगी आहे ती तीव्र, इतर उपायांनी न हटणाऱ्या आक्रमकतेसाठी, आणि तीही सहा आठवड्यांपर्यंत. 2023 च्या मे महिन्यात अमेरिकेने अल्झायमरमधल्या तगमगीसाठी पहिल्यांदाच एका औषधाला, ब्रेक्सपिप्राझोलला, खास मान्यता दिली. बातमी मोठी होती. परिणाम माफक आणि इशारा तोच.

म्हणून ‘उपचार सर्वांना मिळावेत’ ही मागणी आपल्याकडे करताना मला एका गोष्टीची भीती वाटते. नवी गोळी हवी, असाच त्याचा अर्थ लावला जाईल. गोळ्यांचा तुटवडा हा आपला मुख्य प्रश्न नाही. ‘झोपेची’ गोळी वाडीतही पोचते. जे पोचत नाही ते गोळी लिहिण्याआधीचं आणि नंतरचं सगळं: तपासणारा, सुनेला समजावून सांगणारा, सहा आठवड्यांनी परत बोलावून गोळी कमी करणारा. चिठ्ठी एकदा लिहिली जाते आणि तीच वर्षभर दुकानात दाखवली जाते. ही उपचाराची उपलब्धता नव्हे.

उलट बाजूही खरी आहे. घरगुती उपाय थकतात, माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला लागतो, तेव्हा औषध नाकारणं हाही छळच. तेव्हा ‘आईला गुंगीत ठेवता का’ असं परगावच्या मुलाने फोनवरून सुनावणं फार सोपं असतं. (‘वाडा’त मुंबईहून आलेला सुधीर आठवतो का?) गोळीला पाप म्हणणं आणि गोळीला उत्तर म्हणणं, दोन्हींत सुनेला एकटीला सोडलेलं असतं.

हे सगळं परदेशातच शक्य आहे असं कोणी म्हणेल. गोव्यात झालं आहे. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगात’ या संस्थेच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन तालुक्यांत 81 कुटुंबांबरोबर एक चाचणी केली. 2008 मध्ये ती प्रसिद्ध झाली. घरी जाणारे सल्लागार कोण होते? डॉक्टर नाहीत, परिचारिकाही नाहीत. कोकणी येणारे, लिहितावाचता येणारे, मन लावून काम करणारे स्थानिक लोक. त्यांना थोडं प्रशिक्षण, पाठीशी एक समुपदेशक आणि एक मनोविकारतज्ज्ञ. ते सहा महिने घरी जात राहिले. आजार म्हणजे काय ते समजावलं, चिडल्यावर काय करायचं ते दाखवलं, गरज असेल तिथे डॉक्टरांशी गाठ घालून दिली, सरकारी योजनांची माहिती दिली. निकाल प्रामाणिकपणे सांगायचा तर रुग्णांच्या वागण्यात दिसलेली सुधारणा संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणता येईल इतकी नव्हती. पण सांभाळणाऱ्यांची मनःस्थिती आणि त्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास, यांत स्पष्ट फरक पडला. म्हणजे दादी कदाचित तितक्याच वेळा विचारत राहिली, पण चंदू मोडला नाही. मला हा निकाल छोटा वाटत नाही.

आणि हे मागायला कायद्याचा आधार आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार आणि मनःस्थितीबरोबर स्मृती आणि स्थळकाळाचं भानही मोजतो. म्हणजे दादी त्यात बसते. त्याचं कलम 18 वाचा, मोबाइलवर मिळतं. सरकारने द्यायच्या सेवांच्या यादीत कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा आहेत, घरी येऊन पुनर्वसन आहे, वृद्धांसाठीच्या मानसिक आरोग्य सेवा आहेत, आणि आवश्यक यादीतली औषधं सरकारी केंद्रांत मोफत देण्याची जबाबदारी आहे. याउलट प्रत्यक्षात जी योजना सर्वात जास्त गाजते, सत्तरीपुढच्यांसाठी 2024 मध्ये आलेलं आयुष्मान कार्ड, ती भरती झालात तर पाच लाखांपर्यंत खर्च उचलते. तगमगीचा रुग्ण मात्र शक्यतो भरती होऊच नये. अनोळखी वॉर्डात, नळ्या लावलेल्या अवस्थेत तो आणखी बिथरतो. त्याला हवी ती घरची फेरी, आणि तिचं बिल कोणत्याच कार्डावर चढत नाही. नागपुरात 1864 पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानला एम्स आहे. दार बडवणाऱ्या म्हाताऱ्याला वाडीहून ऑटोत बसवून तिथवर न्यायचं, हे एक आख्खं दिवसाचं युद्ध असतं. 14416 हा टेली-मानसचा फोन मोफत आहे, तेवढी एक खिडकी हाताशी ठेवा.

तुम्ही म्हणाल, नाटक-सिनेमावर लिहायला बसलेल्या बाईने कलम 18 कुठून काढलं. मला दोन्ही एकच वाटतात. सरकारकडे काय मागायचं हे ठरण्याआधी घरात काय घडतं ते सांगता यावं लागतं, आणि ते सांगायची सवय गोष्टी लावतात. एचआयव्हीबद्दल, बाळंतपणानंतरच्या नैराश्याबद्दल, मासिक पाळीबद्दल आपण जे आज बोलू शकतो, ते आधी कोणीतरी निर्लज्जपणे लिहिलं म्हणून. डिमेन्शियाच्या बाबतीत आपण अजून हळवेपणाच्या पायरीवर आहोत. रील बघा: आजी नातवाला ओळखत नाही, मागे व्हायोलिन. आजी नातवाला चावते, असं रील कोणी टाकणार नाही, आणि टाकूही नये, कारण आजीची संमती नाही. हीच तर कथेची जागा आहे. कथेत आजीची अब्रू न घेता ते लिहिता येतं.

मला वाचायची आहे ती कथा अशी: पात्र पंडित नको. वाडीची किंवा धरणगावची एक बाई, जी कधी शाळेत गेली नाही. तिच्या घरी दर आठवड्याला एक पोरगी वही घेऊन येते, बारावी झालेली, स्कूटीवरून. ती म्हातारीचे गुडघे दाबून बघते, लघवीचं विचारते, सुनेला म्हणते, “काकू, त्या वेळ विचारतात तेव्हा वेळ सांगू नका. कुठे जायचं आहे, ते विचारा.” सून पहिल्यांदा तिला चहा विचारत नाही. तिसऱ्या आठवड्यात विचारते.